सत्तावीस मिनिटे अखंड

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत धोतर नेसावे, हा निर्णय सर्वस्वी माझा होता. त्याबद्दल मी इतर कोणालाही दोष देत नाही. (कलावतीने दोन दिवस आधी "पँट घाला" असे सुचवले होते, हे येथे केवळ तिला न्याय म्हणून नोंदवतो.)

वाचकांस माझा परिचय नसल्यामुळे थोडे सांगणे प्राप्त आहे. मी दगडू काळुराम तावडे, वय वर्षे एकाहत्तर, मुक्काम डोंबिवली पश्चिम. ठाण्याला खोपटच्या एस.टी. आगारात एकोणतीस वर्षे सेवा करून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत. पुढचे सारे वाचनालयातून, कपाटामागून कपाट अशा क्रमाने. निवृत्तीनंतर काय करावे, या प्रश्नाचे उत्तर मला बिनतारी संदेशवहनावरील एका जीर्ण पुस्तकात सापडले. सरकारी परीक्षा दिली, परवाना मिळवला आणि हॅम रेडिओ चालवू लागलो. म्हणजे हौसेखातर, स्वतःच्या संचावरून, दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलायचे.

"बोलायला परीक्षा द्यावी लागते होय?" कलावतीने तेव्हा विचारले होते. ती स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षे ऑपरेटर होती. तरीही संदेशवहन म्हणजे काय, हे मी तिला वेळोवेळी समजावून देत असतो.

आमचे एक मंडळ आहे. उत्सवाच्या गर्दीत मोबाइल लागत नाहीत. अशा वेळी आमचे सभासद हातसंच घेऊन चौकाचौकांत उभे राहतात आणि हरवलेली मुले, भोवळ आलेली माणसे, अडलेली वाहने यांचे निरोप एकमेकांस देतात. या सेवेला मी तीन वर्षे जात होतो आणि तिन्ही वर्षे मला पाण्याच्या टेबलाशेजारी उभे केले जात असे. यंदा मात्र आमची समन्वयक संचिता हिने मला रुग्णवाहिकेचा चौक दिला. औषधांच्या दुकानामागील गल्लीत रुग्णवाहिका उभी राहणार आणि ती माझ्या शब्दावर हलणार, अशी योजना होती. शिवाय यात्रेतील काम पाहून पावसाळ्याच्या आपत्कालीन पथकाची यादी ठरायची होती. जागा बारा.

"माझे नाव त्यात असेल काय?" मी विचारले.

"यात्रेत बघू ना, काका," संचिता म्हणाली. वयाने ती माझ्या निम्मी असेल. आवाज असा, की ऐकणाऱ्याला आपोआप सरळ बसावेसे वाटते.

आदल्या संध्याकाळी स्वयंसेवकांची बैठक झाली. तीत मी अल्पाक्षरी बोलण्याचे महत्त्व या विषयावर पन्नास मिनिटे मार्गदर्शन केले. संचाच्या बगलेत एक बटण असते. ते दाबले की आपण बोलतो, सोडले की ऐकतो. दोन्ही एकाच वेळी होत नाही. एकाने बटण दाबून धरले की बाकी सर्वांची तोंडे बंद. म्हणून निरोप सात शब्दांहून मोठा असू नये, असा दंडक मी घालून दिला. (बँकेत नोकरीस असलेले आमचे सभासद उत्तम यांनी या वेळी दोनदा जांभई दिली. मी ती थकव्याच्या खाती घातली.)

आणखी एक तांत्रिक तपशील सांगतो. तो मी बैठकीत सांगितला नव्हता. कोणी फार वेळ बोलत राहिला, तर तीन मिनिटांनी संच स्वतःच त्याचे बोलणे तोडतो, अशी सोय त्यात असते. माझी प्रस्तावनाच साधारण तेवढी होत असल्यामुळे ही सोय मला जाचक वाटे. पुस्तिकेचे चौसष्टावे पान वाचून मी ती कायमची बंद केली होती. स्वतः वाचून, कोणाच्याही मदतीशिवाय.

पाडव्याला सकाळी सातला मी चौकात हजर झालो. धोतर, कोट, टोपी, उपरणे. सोबत नऊवारीत कलावती. औषधांच्या दुकानदाराने तिला खुर्ची दिली. मी उभाच राहिलो. संचाला पट्ट्यात अडकवायची आकडी असते, परंतु धोतराला पट्टा नसतो, ही बाब माझ्या तेथे लक्षात आली. तेव्हा संच कमरेशी ठेवून त्यावरून उपरणे गुंडाळले आणि गाठ मारली.

पहिला अर्धा तास संच उत्तम बोलत होता. संचिता कंट्रोल रूममधून एकेका चौकाची हजेरी घेत होती. यात्रेच्या शेवटाला, कोपर स्टेशनच्या बाजूस, उर्वी नावाची आमची सभासद होती. तिचाही आवाज स्वच्छ येत होता. मी तिघांना उच्चारावरून टोकले. एवढ्यात ढोल वाजू लागले, यात्रेचे टोक दिसले आणि उपरणे सैल झाले.

"पडेल ते," कलावती म्हणाली. "इकडे या." तिने पहिली गाठ आवळली आणि वर दुसरी मारली. कलावतीची गाठ कशी असते, हे आमच्या घरातील लोणच्याच्या बरण्यांना ठाऊक आहे.

आणि संच शांत झाला.

ती शांतता मला फार आवडली. एक मिनिट गेले, दोन गेली, कोणी बोलेना. मी कलावतीकडे वळलो.

"ऐकलेस?"

"काय?"

"काहीच नाही. हेच ते. कालच्या मार्गदर्शनाचा परिणाम. कोणी अवाक्षर वाया घालवत नाही."

"सगळे एकदम सुधारले?"

"माणसाला नीट समजावून सांगितले की तो सुधारतो."

यात्रा समोरून जाऊ लागली. फेटा बांधलेल्या स्त्रिया मोटारसायकलींवरून गेल्या, लेझीम गेले, आयोजन समितीचे अध्यक्ष काळा चष्मा लावून उघड्या जीपमधून गेले. माझे हात मोकळे होते, संच शांत होता. साहजिकच मी कलावतीला थोडे विवेचन करू लागलो. अध्यक्ष सूर्याला घाबरतात की मतदारांना, असा प्रश्न मी उपस्थित केला. उत्तम यांच्या बँकेत ग्राहकांना इतका वेळ का लागतो, याचा उलगडा मला कालच्या जांभयांवरून झाला, असे सांगितले. संचिता हुशार आहे, फक्त तिला मोठ्या माणसांना कामाला लावता येत नाही, असेही मत दिले.

"आणि एक," मी म्हणालो, "मंडळात कोणी विचारले, तर परीक्षा मी पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झालो."

"तिसऱ्या."

"पहिल्या दोन वेळा माझी प्रकृती ठीक नव्हती."

"दुसऱ्या वेळी तुम्ही पेपरातलीच चूक काढत बसलात. अर्धा पेपर कोरा."

"तेही प्रकृतीचेच म्हणायचे."

थोड्या वेळाने मला उजव्या कुशीत विलक्षण ऊब जाणवू लागली. उन्हामुळे असेल, असे प्रथम वाटले. परंतु ऊन डावीकडून होते.

"कलावती, मला या बाजूस काहीतरी तापल्यासारखे होत आहे."

"तापेल नाही तर काय? उजाडायच्या आत तीन वाट्या श्रीखंड."

"दोन."

"पातेलं मी घासलंय, अहो."

"नैवेद्याचे होते. टाकून देणे योग्य दिसले नसते."

"डॉक्टरांना हेच सांगा. नैवेद्याची साखर चढत नाही म्हणावं."

याच सुमारास मागच्या गल्लीतून भोंगा वाजला. वळून पाहतो, तो रुग्णवाहिका निघालेली. माझ्या शब्दाविना. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी पाहत राहिलो आणि मग खिशातून वही काढली.

"बघितलेस? ना निरोप, ना परवानगी. खोपटला हे असे झाले असते, तर ड्रायव्हरचा खुलासा मागवला असता." वहीत मी लिहिले, 'सात वाजून अठ्ठेचाळीस मिनिटे. रुग्णवाहिकेचे विनापरवानगी प्रस्थान.' त्याखाली रेघ मारली.

"कोणाला तरी गरज असेल."

"गरज असेल तर संचावर कळेल. संच शांत आहे. याचा अर्थ गरज नाही."

कलावतीने खुर्ची सावलीत ओढून घेतली. मग तिने विचारले, "इतकं काय आहे हो त्या यादीत? सारखं यादी, यादी. पावसात चिखलात उभं राहायचं वय आहे का तुमचं?"

एरवी मी या प्रश्नाला वर्तमानपत्र उघडून उत्तर दिले असते. परंतु ढोल पुढे गेले होते, रस्ता क्षणभर मोकळा होता आणि आजूबाजूला आमचे ऐकणारे कोणी नव्हते.

"आगारात माझी सही झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर पडत नसे," मी म्हणालो. "मी थांबा म्हटले की पन्नास माणसे थांबत, जा म्हटले की जात. निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली, कलावती. माझ्या शब्दावाचून कोणाचे काही अडत नाही. वाचलेले सगळे आतल्या आत पडून आहे. कुठे तरी कोणी पाण्यात अडकले असेल, मी निरोप देईन आणि तो माणूस सुटेल. एवढे एकदा व्हावे, असे वाटते."

"माझं अडतं की."

"तुझे काय अडते?"

"वरच्या फळीवरचे डबे कोण काढून देतं?"

हे उत्तर मला त्या वेळी अपुरे वाटले. (आता तसे वाटत नाही.)

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत उत्तम आले. घामाने निथळत होते. त्यांचा चौक येथून बराच दूर.

"उत्तम, आपण आपले ठिकाण सोडून आलात?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवले.

"अहो, असे काय करता? परवानगी घेतली होती काय?"

त्यांनी जोरजोराने मान हलवली, पुन्हा ओठांवर बोट ठेवले आणि दुसऱ्या हाताने माझ्या कमरेकडे खूण केली. मी खाली पाहिले. धोतर जागेवर होते.

"काय झाले आहे?"

उत्तम यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि गाठ सोडल्याचा अभिनय केला. मग पुन्हा माझ्याकडे बोट.

"येथे? भर रस्त्यात?" मी दोन पावले मागे सरलो. "उत्तम, आपण शुद्धीवर आहात ना? सकाळची वेळ आहे, समोर लहान मुले आहेत. मी धोतर सोडणार नाही."

त्यांनी कपाळावर हात मारला आणि सरळ माझ्या कमरेला हात घातला. मी त्यांचे मनगट पकडले. आता मात्र चार माणसे जमली. त्या झटापटीत उपरण्याची एक घडी बाजूस सरकली असावी, कारण कलावती खुर्चीवरून उठली.

"अहो, थांबा. ते आत तांबडं काय पेटलंय?"

"कुठे?"

"कमरेत. तांबडा दिवा." एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षे काढलेल्या बाईला तांबड्या दिव्याचा अर्थ सांगावा लागत नाही. तिचा चेहरा हळूहळू बदलला. "लाइन चालू आहे," ती अगदी दबक्या आवाजात म्हणाली. "गाठ मारल्यापासून चालू आहे."

तिने आधी एक गाठ सोडली, मग दुसरी. बटण सुटले. दिवा विझला. आणि सत्तावीस मिनिटांचे साचलेले आवाज एकाच वेळी माझ्या हातात फुटले. कोणी हसत होते, कोणी "सुटलं, सुटलं" म्हणत होते, कोणी विचारत होते की धोतर राहिले का.

"सगळे गप्प," संचिताचा आवाज आला. "कोपर, आधी तू बोल."

"कोपर." उर्वीला अजून धाप लागलेली होती. "चित्ररथावरची मुलगी, सान्वी, नऊ वर्षांची, उन्हानं चक्कर येऊन पडली. निरोप जाईना, फोन लागेना. मी मागच्या गल्ल्यांतून धावत आले आणि ड्रायव्हरला घेऊन गेले. मुलगी आता बरी आहे. पाणी प्यायली."

हा निरोप सात शब्दांहून मोठा होता. मी शब्द मोजले नाहीत.

उत्तम माझ्याशेजारी उभे राहून रुमालाने मान पुसत होते. "आम्ही सगळे ओरडत होतो, काका," ते म्हणाले. "पण तुम्हाला ऐकूच जाणार नव्हतं. मी तोंड उघडलं असतं, तर तेही सगळीकडे गेलं असतं. म्हणून खुणा."

"सर्व ऐकू आले?"

"क्लिअर. कंट्रोलच्या संचाला मोठा स्पीकर लावलेला. तिथं समितीवाले पण बसलेले." रुमालाची घडी करत ते म्हणाले, "बँकेचं जाऊ द्या. खरंच वेळ लागतो."

तेरा वर्षे माझ्या शब्दावाचून कोणाचे अडत नव्हते. त्या सत्तावीस मिनिटांत मात्र माझ्या शब्दांनी साऱ्या डोंबिवली पश्चिमेचे अडले होते. मी वही उघडली, रुग्णवाहिकेविषयीच्या ओळीवर काट मारली आणि शेजारी स्वतःचे नाव लिहिले. खुलासा मागवायचा तर तो आता माझ्याकडूनच मागवणे भाग होते.

दुपारी मी सान्वीच्या घरी गेलो. कलावतीही बरोबर आली. मुलगी गादीवर बसून कलिंगड खात होती. गालावर गोंदण्याच्या हिरव्या टिकल्या तशाच होत्या. मी तिच्या आईवडिलांसमोर उभा राहून क्षमा मागितली. घरातून निघताना वाक्ये तयार केली होती. त्यांपैकी तीनच आठवली.

"तुम्हीच का ते श्रीखंडवाले आजोबा?" सान्वीने विचारले.

"होय."

"उर्वीताईचा रेडिओ माझ्या उशाशीच होता. डोळे उघडले तर कोणीतरी म्हणत होतं, माझ्यावाचून कोणाचं अडत नाही. मला वाटलं, देव आहे." तिने एक बी थुंकली. "पण त्याच्या आधी श्रीखंडावरून भांडण झालेलं म्हणे. आई म्हणाली, देव नाही, काका आहेत."

तिची आई खूप ओशाळली. तिने आम्हाला चहा दिला, बिनसाखरेचा. (साखरेविषयी आता सर्वांनाच माहिती होती.)

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक झाली. मी दोन पानी राजीनामा लिहून नेला होता. वाचायला उभा राहणार, तोच संचिता म्हणाली, "काका, आधी रिपोर्ट." तिने कागदावरून वाचले, 'एका केंद्रावरून सत्तावीस मिनिटे अखंड प्रक्षेपण झाले. आवाज सर्व ठिकाणी सुस्पष्ट. मजकूर अनावश्यक.' कोणी हसले नाही. ते हसले असते तर मला सोपे गेले असते.

मग तिने यादी वाचली. बारा नावे. उर्वी होती, उत्तम होते, मी नव्हतो. मी राजीनाम्याची घडी उलगडू लागलो.

"अजून एक ओळ आहे," ती म्हणाली. "कंट्रोल रूममध्ये कोणीतरी फक्त ऐकायला हवं. कोण कुठं काय म्हणालं, किती वाजता, सगळं वहीत लिहायचं. आम्ही बोलण्याच्या नादात विसरतो. आणि पाण्यातून येणारा आवाज कधी कधी फार बारीक असतो. तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्ही वेळा पण बरोबर लिहिता."

"रुग्णवाहिकेचीसुद्धा," उत्तम म्हणाले.

"जमेल का, काका?"

मी होकार दिला. एका शब्दात. माझ्या आठवणीत मंडळातील माझे ते सर्वांत छोटे भाषण.

तिने टेबलावरून एक नवा संच पुढे केला. मी तो हातात घेऊन सवयीने बगलेत बोटे फिरवली. डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, उलटा करून पाहिला.

"संचिता, याला बोलायचे बटण कोठे आहे?"

"नाहीये, काका," ती अत्यंत मृदूपणे म्हणाली. "शोधून शोधून आणलाय."

घरी आलो तेव्हा कलावती स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. मी ओट्याला पाठ टेकून उभा राहिलो आणि घडलेला वृत्तान्त तिला सांगितला. ऐकणे ही बोलण्याहून श्रेष्ठ विद्या कशी आहे, हे प्रथम सांगितले. मनुष्य ऐकू लागला की त्याला आजूबाजूची बारीकसारीक चाहूल कशी लागते, याची चार उदाहरणे दिली. आयुष्यभर माझे या विद्येकडे दुर्लक्ष झाले, परंतु या क्षणापासून ते होणार नाही, असेही स्पष्ट केले. कलावती माझ्याकडे पाहत होती. मधूनमधून ती मेथीची जुडी उंचावत होती. तिला विषय पटत असल्याची ती खूण आहे, असे समजून मी पाचवे उदाहरण घेतले.

माझे संपल्यावर ती थोडा वेळ थांबली. मी खरोखरच थांबलो आहे, याची बहुधा तिने खात्री करून घेतली.

"तुमच्या मागे दूध उतू गेलं," ती म्हणाली. "मी तीनदा हात वर केला."